वाढवणे : क्रियापद

हिवरदरीच्या बाजारात लिंबाखाली
दुर्पताबाई कासारणीची बांगड्यांची पेटी,
शेजारी पोत्यावर मी,
मांडीवर बोलीकोशाच्या कार्डांचा गठ्ठा.
चित्र दाखवायचं, नाव विचारायचं,
ऐकलं तसं लिहून घ्यायचं.

पहिलं कार्ड कोंबडीचं. 'हा पक्षी ना?'
'पाखरू?' ती हसली. 'पाखरू उडते, माय.
हे कोंबडी हाये.'
म्हणजे चिमणी त्या शब्दाच्या मधोमध,
मोर जरा कडेला,
आणि कोंबडी कुंपणाबाहेर दाणे टिपत.

डोळ्याला ती डोया म्हणाली, काळ्याला काया.
वावर म्हणजे तिच्याकडे शेत,
माझ्याकडे नुसतंच असणं, इकडून तिकडे.
समोरून एक पांढरा सदरा गेला.
'सरपंच,' ती म्हणाली,
आणि तो वळणाआड होताच, 'गुनवंत्या.'
'माणूस एकच ना?'
'एकच. पन सरपंच आला म्हटलं का उभं राहा लागते,
गुनवंत्या आला म्हटलं का उधारी मांगा लागते.'

दुपारी एका नवरीचा हात दाबताना
काच कट्कन झाली.
'फुटली,' मी म्हणाले.
'वाढली म्हन!' केवढ्यानं ओरडली माझ्यावर.
'मडकं फुटते. डोस्कं फुटते.
बांगडी वाढते.'

वाढणे. नवं कार्ड घेतलं.
एक : पोर वाढतं, भाव वाढतो, ऊन.
दोन : ताटात भाकर, तिच्यावर ठेचा.
तीन : काच जाते, आणि गेली असं कोणी म्हणत नाही.
एका झाडाच्या या तीन फांद्या
की एकाच नावाची तीन झाडं,
कोशात नुसते आकडे घालतात,
मुळाशी उकरून पाहायला वेळ कुणाला.

'तुहा मालक काय करते?'

आहे का, असं नाही. काय करते.
प्रश्नाच्या आतच एक माणूस
खुर्ची टाकून बसलेला.
नोकरी करतो म्हणावं, तो बसलेला.
काही करत नाही म्हणावं, तरी बसलेलाच.
परीक्षेत हे मी उदाहरणासह लिहिलं होतं,
चार गुणांना.

मी काहीच बोलले नाही.
तिनं माझं मनगट धरलं, मापाला धरते तसं,
रिकामं, घड्याळाचा पांढुरका पट्टा तेवढा.
'टाकली व्हय?'
'टाकून आले.'

पुडक्याची सुतळी सोडणारा तिचा हात थांबला.
घर तेच, उंबरा तोच, ती सहा वर्षंही तीच.
फक्त टाकणारं कोण,
तेवढं या बाजूचं त्या बाजूला झालं.

'टाकलेली असा शब्द हाये,' ती म्हणाली.
'टाकून आलेली, असा नाई आयकला.'
मग बऱ्याच वेळानं,
'लिही ना मंग. कारड कोरं हाये.'

लिहिता येत नव्हतं. कोशाचा नियम :
गोळा करणाऱ्यानं स्वतःचं बोलणं धरायचं नाही.

पाच वाजता एक म्हातारी आली हिरव्या काचा बघायला,
माझ्याकडे हनुवटी करून पुसलं, 'हे कोन?'
दुर्पताबाईनं मान वर न करता
काचा मोजता मोजता सांगितलं,
'शब्द येचते. नवऱ्याले टाकून आलेली हाये.'

आता ऐकलं होतं.
मी कार्ड घेतलं. ठिकाण : हिवरदरी.
सांगणारी : दुर्पताबाई, वय सत्तरच्या आसपास.
अर्थाचा रकाना मात्र
पेन टेकवून नुसताच ठेवला.

'दुकान वाढवतो आता,' ती म्हणाली,
आणि पेटीचं झाकण पडलं. चौथा अर्थ.
उठताना तिनं माझ्या हातात तीन काचा चढवल्या,
निळ्या. निया, ती म्हणते.
पैसे दोनचेच घेतले.
जाते असं म्हणत नाहीत, ते मला घरूनच ठाऊक होतं,
पण तिच्या बोलीत बाईही येते म्हणत नाही.
'येतो,' मी म्हणाले.

फाट्यावर एसटीत चढताना
दांड्याला हात लागला.
एक वाढली.